मिठातली खोटी मुरी

मी एक जुनी, कान तुटलेली चिनी मातीची बरणी आहे. मित्रांनो, वीस वर्षं माझ्या पोटात कैरीचं लोणचं मुरलं. कोल्हारला राहीबाईंकडे पाहुणा आला की आधी माझी आठवण निघायची. मग माझं झाकण फुटलं आणि माझ्यात खडेमीठ आलं. मिठाचं कौतुक कोण करतो?

राहीबाई प्रवरेत मासे धरायच्या. बोटभर लांबीची मुरी मासळी टोपलीत जायची. अगदी तशीच दिसणारी, पण कडवट लागणारी दुसरी मासळी काठावर फेकली जायची. तिला सारे ‘खोटी’ म्हणत.

पावसाळ्यानंतर माशांचा अभ्यास करणारी भार्गवी नगरहून आली आणि एक खोटी मासा टिकवायच्या औषधात बुडवून घेऊन गेली. त्याच संध्याकाळी राहीबाईंनी माझ्या मिठात आणखी एक खुपसली. मला लोणच्याच्या बरणीला मासळीचा वास! कित्येक महिने मी मनातून फुगून बसले.

उन्हाळ्यात भार्गवी परत आली, तेव्हा प्रवरेचा डोह आटला होता आणि दुसरी खोटी मिळेना. ती उंबऱ्यावर मटकन बसली.

“मावशी, एक्स-रेत हिचे मणके मुरीपेक्षा दोन जास्त निघाले. जातच नवी असेल! पण सर म्हणतात, जनुकं तपासल्याशिवाय सिद्ध होणार नाही. आणि माझ्या औषधानं जनुकंच नासली.”

राहीबाई चाचरल्या. “रागावू नगंस पोरी. तुझ्यासाठी एक ठिवली हुती. औषध न्हवतं, म्हून खारवली.”

भार्गवीने माझ्यात हात घातला. मिठाने माखलेली मासळी तिने अलगद बाहेर काढली.

“मावशी, मिठानं जनुकं राखली असतील!”

खरंच राखली होती. महिन्याभराने ती सांगत आली, की या मासळीची जनुकं कुठल्याच माहीत असलेल्या माशाशी जुळत नाहीत. लाखो वर्षांपूर्वी तिची वाट मुरीपासून वेगळी झाली होती. एवढी जुनी गोष्ट माझ्या मिठात होती! मी नुसती थक्क झाले.

“म्हंजी ती खोटी न्हवती?” राहीबाईंनी विचारलं.

“नाही मावशी. ती खरीच होती. फक्त मुरी नव्हती.”

राहीबाईंनी नदीच्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आमी कितीक काठावर फेकल्या गं!”

आता जाळ्यात खोटी आली, की त्या तिला दोन्ही हातांनी पुन्हा पाण्यात सोडतात. मित्रांनो, कुणाला खोटं म्हणून फेकण्याआधी एकदा त्याचे मणके मोजा. आणि घरात कान तुटलेली बरणी असेल, तर तिच्यात मूठभर मीठ असू द्या.