वचन दहा

नोल्डीला पुरलं त्याच दिवशी आम्ही यान्चेलाही पुरलं, फक्त जिवंत. आणि मी चर्चच्या कारभारी मंडळातली वडील बाई ना, वचन वाचताना सगळ्यात मोठा आवाज माझाच!

नोल्डी बायबल शिकवून निवृत्त झालेला. तोंदानो तळ्याकाठच्या त्याच्या घरात मागच्या खोलीत त्याचा मित्र यान्चे राहायचा, एकटा जीव. नोल्डीने अंथरूण धरल्यावर त्याचं गू-मूत यान्चेनेच काढलं. पोटची पोर मेइचे मनाडो शहरात बसून फोनवर रडायची. "मी मेलो तरी खोली यान्चेचीच," असं नोल्डी सगळ्यांदेखत म्हणायचा.

दफनाचं वचन त्याने आधीच निवडून ठेवलं होतं: स्तोत्र एक्केचाळीस, वचन दहा. आमच्याकडे फक्त आकडा सांगतात. मग थडग्यापाशी ज्याने त्याने आपलं बायबल उघडायचं आणि एका सुरात वाचायचं.

वाचलं. ज्याच्यावर भरवसा ठेवला, ज्याने माझी भाकर खाल्ली, त्या जिवलग मित्रानेच माझ्यावर लाथ उगारली. यान्चेही वाचत होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

मेइचेने तिथेच तोंड सोडलं. आमच्यात काकाला ओम म्हणतात, काकूला तान्ते. "ओम, आता बाबाच बोललेत, मी काय बोलू? इतकी वर्षं फुकट गिळलंत. उचला बोचकं!"

आम्ही सगळ्यांनी बायबलं मिटली आणि घरची वाट धरली.

पुढच्या आठवड्यात मी नोल्डीचा संगणक न्यायला गेले, तो चर्चचा होता. चालू केला, तर बायबलचे दोन प्रोग्राम शेजारीशेजारी उघडलेले. उजवीकडे आमच्या भाषेतला, डावीकडे इंग्रजी. नजर अधू झाल्यापासून तो डावाच वाचायचा, त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होत. डावीकडे दहावं वचन होतं: प्रभू, दया कर, मला उठव. उजवीकडे तेच अकरावं! आमच्या बायबलात स्तोत्राच्या मथळ्यालाही आकडा असतो, इंग्रजीत नसतो. मेल्याने आकडा डावीकडचा दिला.

"मेइचे, अगं बघ हे! यान्चेला बोलाव आधी!"

तिने शांतपणे डावा प्रोग्राम काढूनच टाकला. "मला दफनाच्या आदल्या दिवशीच दिसलं होतं, तान्ते. आता थडग्याच्या दगडावर दहा कोरून झालंय. आणि खोलीत भाडेकरू आलेत."

हलकट कार्टी!

यान्चे पुतण्याकडे, डुकरं बांधतात त्या पडवीत झोपत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने आपलं बायबल पुढे केलं. मी अकरावं वचन दाखवलं. त्याने बोट दहाव्यावर ठेवलं.

"दगडावर कुठला आकडा आहे?"

"दहा. पण अहो, चुकून..."

"तुमचं मन चांगलं आहे, तान्ते. पण नोल्डी बायबलात चुकायचा नाही." त्याने बायबल मिटलं. "एकदा लापशी भरवताना मी त्याच्यावर खेकसलो होतो. तेच लागलं असेल त्याला."