मॅनेजरपदाचा फ्लेक्स

"हा फोटो तुमचाच ना?" मालकाच्या वकिलांनी मोबाइल अर्जुनाच्या नाकासमोर धरला.

फोटो अर्जुनाचाच होता. डोळ्यांवर गॉगल, अंगात हॉटेलचा काळा कोट आणि वर ठळक अक्षरांत 'मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात हॉटेलमालक देवदत्तशेठ हात जोडून हसत होते. माण तालुक्यातल्या गावात, एसटी स्टँडसमोर, चुलतभाऊ जयराजनं हा फ्लेक्स लावला होता. पोरगं पोलिसात लागलं तरी फ्लेक्स लावणारं गाव ते, महाबळेश्वरच्या हॉटेलात मॅनेजर झालेल्याला कसं सोडेल?

"माजाच हाय," अर्जुना म्हणाला.

"झालं तर मग." वकील कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंकडं वळले. "मॅनेजरला ओव्हरटाइम लागू नाही, मॅडम. यानं गावभर पद मिरवलं आणि नोकरी सोडल्यावर म्हणतो, मी कामगार."

अर्जुनाचं डोकं तापलं. मिरवलं म्हणे! वेटर होता तोवर जादा थांबल्याचे पैसे मिळायचे. एक दिवस शेठनं कोट दिला, पगारात चिमूटभर वाढ दिली आणि जादाचे पैसे बंद केले. काम तेच राहिलं. पाहुण्यांच्या बॅगा उचला, ट्रे न्या, संडास तुंबला तर बाह्या सरसावा. फक्त त्या वेळी कोट खिळ्याला अडकवायचा. शेठ भारी हुशार. त्या हॉटेलात शेवटी शेवटी मॅनेजर तिघं होते आणि वेटर दोघं.

हे सगळं तोंडावर फेकायला तो साताऱ्याला आला होता. पण शेजारच्या बाकावर आई बसली होती. तानुबाई हट्टानं आली होती, नवं लुगडं नेसून. गावात तिला बायका 'मॅनेजरची आई' म्हणायच्या, आणि ती नको नको म्हणत ऐकून घ्यायची. तिच्यासमोर काय बोलायचं?

"पदाचं नाव राहू द्या," अधिकारी बाई म्हणाल्या. "काम काय करत होता ते सांगा. कुणाला नोकरीवर ठेवायचा, काढायचा अधिकार होता? रजा मंजूर करत होता?"

अर्जुनानं आईकडं न बघता मान हलवली. "न्हाई, म्याडम. मला कसलाच अधिकार न्हवता. मी मॅनेजर न्हवतो."

बोलून झाल्यावर त्याला शरमेपेक्षा संताप जास्त आला. हक्काचं मागायला माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःची पत उतरवून ठेवायची, हा कुठला न्याय?

तानुबाई उठून उभी राहिली. "आवं म्याडम, ह्येचा बा गेला तवा तिकडं सीझन हुता. फोन केला तर म्हनला, शेठ सोडत न्हाईत. मातीला पुतन्या उभा ऱ्हायला. मला वाटलं, मोठ्या हुद्द्याच्या मानसाला येता येत नसंल." तिचा आवाज चढला. "मॅनेजर आसता तर बापाच्या मातीला तरी आला नसता व्हय?"

"याचा इथं संबंध नाही," वकील म्हणाले.

"आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "आजींनी सांगितलं ते नोंदवून घेते." मग त्यांनी दोन्ही बाजूंना पुढची तारीख दिली.

एसटीत दहिवडीपर्यंत अर्जुना खिडकीकडं तोंड करून बसला. शेठला पुढच्या तारखेला काय काय ऐकवायचं, ते मनातल्या मनात जुळवत राहिला.

घरी आल्यावर तानुबाई थेट परड्यात गेली. स्टँडवरनं उतरवलेला तो फ्लेक्स तिनं कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून घातला होता. तो ओढून तिनं जमिनीवर पसरला.

"ह्यातलं मॅनेजर कुटलं रं?" तिला वाचता येत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे की आये."

"दाव म्हनते न्हवं."

अर्जुनानं बोट ठेवलं. तानुबाईनं विळ्यानं ती ओळ कापून काढली. मग शेठचा हसरा कोपरा कापला आणि दोन्ही तुकडे उकिरड्यावर टाकून आली.

उरलेला फ्लेक्स तिनं परत गंजीवर चढवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेकडेनं दगड ठेवले. लेकाच्या चेहऱ्यावर धूळ बसली होती, ती पदरानं पुसली.

"आता बरूबर हाय," ती म्हणाली आणि शेरडांना पाणी दाखवायला गेली.