ओल्या भिंतीतले मामाजी

शरदचंद्र साहेबांच्या हॉलच्या भिंतीवरची नक्षी अर्धी झाली होती, आणि नेमके तेव्हाच गजेंद्रचे होऊ घातलेले सासरे दारात येऊन उभे राहिले.

भोजराज मामाजी लामता गावाहून संध्याकाळी यायचे होते. आपली लेक श्रुतिका द्यायच्या आधी पोराचं काम डोळ्यांनी पाहीन, अशी त्यांची अट. म्हणूनच गजेंद्रनं बालाघाट शहरातली ही एवढी मोठी भिंत अंगावर घेतली होती. याआधी लग्नाला दोन घरांतून नकार आला होता. तिसरा ऐकायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

पण मामाजी सकाळीच आले, आणि बसेनात. जावई पाया पडल्याशिवाय बसायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. साहेबांनी खुर्ची पुढं केली. मामाजींनी तिच्याकडं, ती परक्याची सोयरीक असल्यासारखं पाहिलं.

गजेंद्र भिंतीलगतच्या उंच फळीवर, हातात नक्षी ओढायचा कंगवा. टेक्सचरचा ओला मसाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढायचा असतो. मधे थांबलं की मसाला वाळतो, आणि तिथला जोड जन्मभर दिसतो.

"मामाजी, थोडं थांबा जी! उतरलो तर दिवाल गेली."

"अन् नाही उतरला तर?"

"तर मी गेलो."

"समजते म्हणजे तुले."

"भिंत माझी आहे, हे कुणाच्या लक्षात आहे का?" साहेबांनी विचारलं. कुणाच्याच नव्हतं.

गजेंद्रच्या घशाला कोरड पडली. मसाल्यालाही पडत चालली होती. शेवटी तो ओरडला, "मामाजी, मले खाली येता येत नाही. पाय वर आणा!"

यात अपमान आहे की नाही, याचा मामाजींनी जरा विचार केला. मग रिवाजात पायांची उंची ठरलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. चपला काढून ते स्टुलावरून फळीवर चढले.

गजेंद्र एका हातानं कंगवा ओढत वाकला. फळी हलली. मामाजी तोंडावर भिंतीला चिकटले. कपाळ, नाक, मिशी, दोन्ही तळवे, सगळेच्या सगळे. साहेबांनी त्यांना सोडवून खाली उतरवलं, तेव्हा भिंतीत दुसरे मामाजी तयार होते. पहिल्यांपेक्षा जरा प्रेमळ.

"खरवड ते," साहेब म्हणाले.

"खबरदार! जित्या माणसाचं तोंड खरवडते का कोणी? लगन हाय घरात."

"मग आमच्या हॉलमध्ये तुमचं तोंड ठेवू?"

"काहून नाही? जेवाले थोडंच मांगते ते!"

मसाला कडेनं पांढरा पडायला लागला. गजेंद्रनं मामाजींना हात जोडले, मग साहेबांना जोडले. कुणीच हटेना. त्याला रडू फुटत होतं, पण डोळे पुसावे तर दोन्ही हात मसाल्यानं माखलेले. मग त्यातल्या एका हातानं त्याला न विचारताच खरवडायची पत्र्याची पट्टी उचलली.

"मामाजी, तिकडं पाहा."

मामाजींनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी स्वतःचं नाक घट्ट धरून ठेवलं. भिंतीतली मिशी निघाली, तसे ते चपला घालून बाहेर पडले.

गजेंद्र ओढत राहिला. कोपरा आला. भिंतीला कुठंही जोड नव्हता. ज्यांना ती दाखवायची होती, ते मामाजी ऑटोत बसून स्टेशनकडं निघाले होते.

मोबाइल वाजला. श्रुतिका.

"बाबाले दिवाल पसंद आली का?"

"एकदम जवळून पाह्यली त्यायनं," गजेंद्र म्हणाला, आणि मसाल्याच्या हातानंच डोळे पुसले.