ओलांडीची मागची सीट

"माह्या घंगाळात राकेल!" शाळेतून आले ती अंगणात पाय ठेवताच ओरडले. "आता आंघोळ कशात करू मी? तांब्यात?"

माझे यजमान मोटारीच्या पोटाखाली होते, फक्त पाय बाहेर. घंगाळात लोखंडी-पितळी पुर्जे असे भिजत पडले होते, जशी काही सणाची डाळच.

"गरम नको होऊ, मास्तरीनबाई," खालून आवाज आला. "कारबोरेटर हाय तो. आजच्या दिवस भिजू दे."

"आजच्या दिवस, आजच्या दिवस करता करता दुसरा पोळा गेला!"

बाजूला माझे सासरे पुंजाजी चिंचेच्या कोळानं पितळी दिवा घासत बसले होते. "मास्तरीन तापली रे," म्हणून हसले आणि लगेच खोकल्यात सापडले. दम्यानं माणूस अर्धा करून टाकला होता, पण त्यांचं हसणं काही सुटलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव इंद्रभान. मी खुशाल घेते. हजेरीत रोज साऱ्या गावाच्या पोरांची नावं घेते, मग यांचंच काय म्हणून चोरायचं? इंद्रभान नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात फिटर होते. आणि ही मोटार वडनेरात एकच. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात तरी दुसरी असेल की नाही, कोण जाणे. ओव्हरलँड तिचं विलायती नाव, गाव म्हणायचं ओलांडी. भगवानराव देशमुखांनी ती इंग्रजांच्या राज्यात आणली. ते गेले, पोरं अकोल्याला जाऊन राहिली, आणि ओलांडी गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली. इंद्रभाननी ती भंगाराच्या भावात उचलली आणि बैल जुंपून आमच्या बौद्धपुऱ्यात ओढून आणली. गाव हसलं. मी तर दोन दिवस बोलले नाही. घरावर धड टिनं नाहीत आणि यांना मोटार पाहिजे!

पण मग कारण कळलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देशमुखांकडं उभा जन्म ही मोटार धुतली होती. इंद्रभान लहान असताना त्यांनी एकदा बापाला विचारलं होतं, "बाबा, आत बसल्यावर कसं वाटते?" मामाजी म्हणाले होते, "मले काय मालूम बाबू. म्या तं भायेरूनच पाह्यली."

बस, एवढंच. पण ते नवऱ्याच्या काळजात रुतून बसलं होतं. बापाला दम्यानं नेण्याआधी एकदा तरी मागच्या सीटवर बसवायचं. भगवानराव बसायचे, अगदी तिथंच.

मग मीही पदर खोचला. शाळा सुटली की सीटमध्ये कापूस भरायचा, दाभणानं रेक्झिन शिवायचं. बोटांची चाळण झाली. इंद्रभान सुट्टीच्या दिवशी अकोल्याच्या जुन्या बाजारात जात, कधी टायर घेऊन येत, कधी नुसतंच तोंड घेऊन. मामाजी बाहेरचं सगळं करत. दिवे घासत, मडगार्डाचा गंज खरवडत, चाकाची एकेक दांडी पुसत. आत मात्र हात घालत नसत. एकदा पाना सीटवर राहिला आणि इंद्रभाननी खालून मागितला. मामाजी दारापाशी गेले, थांबले, आणि मला हाक मारली, "बेबी, तेवढा पाना काढून दे वं."

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, घरातले देव तुम्ही सोताच्या हातानं नदीत सोडले. मेलेलं ढोर ओढनार नाही म्हनून साऱ्या गावासमोर उभे राह्यले. अन् ह्या कापसाच्या सीटले भेता?"

ते ओशाळले. "भेत नाही वं. हाताले सवय नाही." आणि आपल्याच हातांकडे पाहत राहिले. मला वाटलं, उगाच बोलले.

इंद्रभान गाडीखालून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दसऱ्याले बसा मंग," म्हणाले. "धम्मचक्राचा दिवस हाय. पांढरे कपडे घाला अन् मांगच्या सीटवर बसा. नांदुऱ्यापर्यंत नेतो तुम्हाले."

"बसतो ना बाबू. तू म्हनशीन तं बसतो."

दसऱ्याच्या सकाळी वंदना झाली आणि सगळा पुरा आमच्या अंगणात जमला. इंद्रभाननी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. ओलांडी खोकली, शिंकली, आणि एकदम धडधडायलाच लागली. अगं बाई, काय तो आवाज! बाया कानांवर हात ठेवून हसत होत्या. इंद्रभान डोळे पुसत होते आणि तोंडाला काळं लावून घेत होते.

मला आधी मागं बसवलं. शेजारची जागा मामाजींची. ते आले, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा. इंद्रभान पुढं स्टेअरिंगवर. "या बाबा, बसा."

मामाजींनी दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं. मग दार हळूच लावलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं, आणि पुढं चालू लागले.

इंद्रभान मान खाली घालून गिअर टाकत होते. दार लागल्याचा आवाज आला तसं त्यांना वाटलं, बाप बसला. त्यांनी गाडी सोडली. मी "थांबा, थांबा" म्हणते आहे, पण त्या धडधडीत कुणाला ऐकू जातंय! आणि गल्लीत वळतो तर पुढं मामाजी. धावताहेत. हातवारे करून शेळ्या हाकलताहेत, पोरांना बाजूला सारताहेत.

"सरका बे, सरका! मालकाची मोटार येऊन राह्यली!"

इतका खणखणीत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

त्यांनी थांबावं म्हणून इंद्रभाननी भोंगा दाबला. मामाजी आणखी जोरात धावू लागले. पुन्हा दाबला. धोतराचा सोगा हातात धरून ते आणखी जोरात.

मामाजींच्या बरोबरीचे सहदेवबुवा दाराला धरून पळत आले. "भोंगा नको वाजवू बे, इंद्रभान! भोंगा म्हंजे मालकाले घाई हाय! पुंजाजी असाच धावे मोटारीच्या पुढं, साऱ्या गावातून!"

हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मामाजींनीही नाही.

इंद्रभाननी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. मामाजी नाही थांबले. मोठ्या सडकेपर्यंत गेले, दोन्हीकडं पाहिलं, वाट मोकळी आहे असा हात केला आणि तिथंच मटकन मातीत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळे पडले होते. इंद्रभाननी त्यांना लेकरासारखं उचललं, मागच्या सीटवर ठेवलं, डोकं माझ्या मांडीवर. गाडी नांदुऱ्याच्या दवाखान्याकडं सुटली.

"कोनाले मालक म्हनत होते, बाबा?" इंद्रभान पुढून ओरडत होते, रडत होते. "कोन मालक? मेला तो मालक! कोनाले म्हनत होते?"

मामाजींचे ओठ हलले. मी कान खाली नेला.

"त्यालेच तं म्हनलं वं," ते म्हणाले. "माह्या पोराले."

हे मोठ्यानं सांगायला हवं होतं मी. पण मी त्यांच्या छातीवरून नुसता हात फिरवत राहिले.

मग ते पाय वर ओढायला लागले. मला वाटलं, कळ येतेय. "माती हाय पायाले," ते म्हणाले. "सीट खराब होईन."

"होऊ द्या ना मामाजी. आपलीच हाये."

तरी त्यांनी पाय अधांतरी धरून ठेवले. थरथरत होते, पण टेकू देत नव्हते. मी पदरानं त्यांच्या तळव्यांची माती पुसली. नांदुऱ्याच्या जिनाची चिमणी दिसायला लागली तेव्हा ते पाय हळूहळू खाली आले आणि सीटवर विसावले. मांडीवरचं डोकं जड झालं. मी नाकापुढं हात धरला. कितीतरी वेळ धरला.

"बेबी," इंद्रभाननी मान न वळवता विचारलं, "शांत वाटून राह्यलं. बाबा बसले का नीट?"

"हाव," मी म्हणाले. "बसले."

त्यांनी गाडी हळू केली. एकेक खड्डा चुकवत सांभाळून नेऊ लागले. मीही घाई करा म्हटलं नाही.