बाबांचं स्टूल

मोठा प्रिंटर म्हणत होता, कागद नाही. अख्खा रोल त्याच्या अंगावर चढवलेला, टोक माझ्या बोटांत, तरी पडद्यावर तेच. "डोळे फुटले का रे तुझे?" मी त्याच्यावर खेकसले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "अगं, हे चपला शोधतायत! मी कपाटामागे लपवल्यात, पण किती वेळ? चाललं का ते मशीन?"

सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जिना चढलात तर माझ्याकडे परत येऊ नका, असं डॉक्टरांनी खडसावलेलं. आमचं बॅनर छापायचं दुकान दुसऱ्या मजल्यावर. आणि बाबांच्या डोक्यात एकच खूळ: मशीन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. खोटं तरी कसं म्हणू? ते आजारी पडल्यापासून सकाळी मशीन हटून बसायचं आणि संध्याकाळी मुकाट चालायचं.

"चाललंच समजा," मी ठोकून दिलं. "त्यांना आडवं करा."

मेकॅनिकने मघाशीच हात टेकले होते. कागद ओळखणारा सेन्सर नखाएवढा असतो. तो कागदावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड बघतो. मेकॅनिकने तो नवा बसवला, वायर बदलली, तरी रडगाणं तेच. "सासऱ्यांनाच आणा, त्यांच्या हाताला यश आहे," असं हसत म्हणून तो गेला. असा संताप आला मला! माणूस तिकडे टाके सांभाळत पडलाय आणि याला विनोद सुचतायत.

मी ओढणी खोचली. आज याला चालवल्याशिवाय जागची हलणार नव्हते. सेन्सर पुसला. जाड कागद लावला, पातळ लावला, चकचकीत लावला. ढिम्म. मग टॉर्च घेऊन खिडकीच्या बाजूने गेले आणि वाकून आत डोकावले.

खर्रकन कागद आत ओढला गेला.

दचकून सरळ झाले, तर लगेच टूं टूं, कागद नाही. वाकले, खर्रर्र. सरळ, टूं टूं. अगं बाई!

खिडकीतलं सकाळचं ऊन तिरकं येऊन नेमकं सेन्सरच्या फटीत घुसत होतं. एवढ्या उन्हात बिचाऱ्याला स्वतःचा उजेड दिसणार कसा? आणि खिडकी आणि मशीनच्या मधे होतं बाबांचं स्टूल. रोज सकाळी ते तिथेच बसायचे, चांगले ऐसपैस.

मी पुठ्ठा कापून खिडकीला लावला. बॅनर सरसर बाहेर यायला लागला. लगेच घरी फोन केला, तो बाबांनीच उचलला.

"निघालोच. चपला सापडल्या."

"काढा त्या आधी. हे ऐका." मी फोन मशीनपाशी धरला.

ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी नसलो तरी चालतंय."

मी सगळं सांगून टाकलं: ऊन, स्टूल, पुठ्ठा. "तुमच्या हाताचं नाही हो बाबा, पोटाचं यश ते! तुम्ही बसलात की ऊन अडायचं."

"हसवू नकोस गं, टाके ओढतात." तरी ते हसत होतेच. "आणा इकडे," मागून सासूबाई म्हणाल्या. "घे बाई, घे," म्हणत बाबांनी चपला देऊन टाकल्या.

फोन ठेवताना मात्र मला बजावलं, "पुठ्ठा टेपनेच चिकटव हं. खिळे मारू नकोस. मी आल्यावर काढायचाय."