उजवं पेडल

त्या दागिन्यांच्या दुकानात काउंटरखाली दोन पेडलं होती. डावं दाबलं की आतलं दार उघडायचं. उजवं दाबलं की येणारा दोन दारांमध्ये कोंडला जायचा आणि धोक्याची घंटा वाजायची. काउंटरवरच्या बाईंचा पाय यात इतका तरबेज की मालक म्हणायचे, "बाईंच्या पायाला डोळे आहेत!" बाईंना त्याचं कोण कौतुक.

महिनाअखेर त्या काम सोडणार होत्या. लेकीला बाळ होणार होतं, ते सांभाळायला. लेकीने दुसऱ्या वंशाच्या, काळ्या मुलाशी लग्न केलं तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाई एकट्या तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जावयाचं त्या तोंडभरून कौतुक करायच्या. त्यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या दुपारी टोपी पुढे ओढलेला एक काळा माणूस धावत पहिल्या दारातून आत शिरला. बाईंनी चेहरा नीट पाहायच्या आत उजवा पाय खाली गेला होता. घंटा बोंबलायला लागली. रखवालदाराने दंडुका उगारला. माणसाने आधी दोन्ही हात वर केले, मग हळूच टोपी काढली.

"आई," काचेपलीकडून जावई म्हणाला, "हिला दवाखान्यात नेलंय. तुमचा फोन लागत नव्हता."

कसा लागणार? कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन मालकांच्या कपाटात असत.

गाडीत बाईंनी रडून पाहिलं, जमेना. मन नुसतं बधिर झालं होतं.

"अहो, मी तुम्हाला ओळखलंच नाही."

"ओळखलं नाहीत, म्हणूनच दाबलंत," तो शांतपणे म्हणाला. "पट्टा लावा."

ते पोचले तेव्हा मुलगा झाला होता, अगदी बापावर गेलेला. लेक थकून हसली.

"इतका उशीर?"

"रस्त्यात गर्दी होती," जावई म्हणाला. त्याने सांभाळून घेतलं हे बाईंना कळलं, पण हायसं काही वाटलं नाही.

"आता आजी काय याला खाली ठेवायची नाही!" लेक म्हणाली.

जावयाने बाळाचं दुपटं सारखं केलं. "मी रजा वाढवून घेतो. आईंनी काम सोडायला नको."

"अरे, पण आपलं ठरलं होतं ना?"

बाई बाळाला घ्यायला पुढे केलेले हात मागे घेऊन खुर्चीत बसल्या.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या.