मनूच्या दाढेचा फोटो

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाल्यापासून एक्स-रेच्या फिल्मा बेळगावात मिळेनाशा झाल्या होत्या. त्यामुळे लहान पोराच्या दाताचा फोटो म्हटलं की दवाखान्यात फोटो काढणाऱ्या सुबरावांच्या कपाळाला आठी पडे.

त्या दिवशी सकाळी वडगावच्या गुणाबाई हातमागावरून उठून पाच वर्षांच्या मनूला घेऊन आल्या. गाल सुजून पोरीचा एक डोळा मिटला होता. दाढ दुधाचीच होती. पण खालच्या नव्या दाताला पू लागलाय का, हे बघितल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते.

काही दुखणार नाही, असं सांगून सुबरावांनी काळ्या कागदातली फिल्म तिच्या दाढेमागं सरकवली. कड हिरडीला टोचली, तशी मनूनं ती जिभेनं बाहेर ढकलली. पुन्हा बसवली, तर मशीन गुरगुरताच तिनं मान फिरवली. फोटोत नुसतं धुकं आलं. दुसरी फिल्म तिनं चावून टाकली. सुबराव ओरडले. मग मनूनं तोंड मिटलं ते मिटलंच.

दुपार होत आली, बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांचा शिपाई दोनदा विचारून गेला. पोरीला वळण नाही, असं सुबराव गुणाबाईंना फाडकन बोलले.

"दुखणार न्हाय म्हनालासा, आनि टोचलं," गुणाबाई म्हणाल्या. "आता तुमचं ती कशाला ऐकंल?"

सुबराव मनूसमोर स्टुलावर बसले. "टोचंल गं. पर थोडाच वेळ. हलायचं न्हाय."

थोडा म्हणजे किती, असं मनूनं आईला विचारलं. घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत, असं आईनं सांगितलं. मनूनं तोंड उघडलं, सुबरावांनी तिसरी फिल्म बसवली. गुणाबाईंनी आजोबांपासून सुरुवात केली. मनूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण शेवटचं, धाकट्या काकीचं नाव येईपर्यंत ती हलली नाही.

फोटो स्वच्छ आला. पू नव्या दातापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी दाढ काढली, पण त्या जागी दात येईल याची खात्री देता येत नाही म्हणाले.

"सकाळीच फोटो निघाला असता तर?" गुणाबाईंनी सुबरावांना विचारलं.

सकाळी निघूनही काही फरक पडला नसता, गाल सुजायच्या आधीच यायला हवं होतं, हे सुबरावांच्या ओठांवर आलं. पण त्यांनी फोटोच पुन्हा उजेडाला धरला. एवढं झगडून मिळालेला चांगला फोटो हातात होता, पण पोरीचा नवा दात वाचवायला त्याचा काहीच उपयोग नव्हता. गुणाबाईंनी मनूला कडेवर घेतलं आणि वडगावची वाट धरली.